हॅकनेट: टायपिंगची मजा, टायपिंगचाच कंटाळा

हॅकनेटबद्दल खेळाडूंची मतं वाचायला बसलं की एक गंमत दिसते. ज्या गोष्टीचं पहिल्या तासात तोंडभरून कौतुक होतं, तिच्याच नावानं पाचव्या तासात बोटं मोडली जातात. ती गोष्ट म्हणजे टायपिंग. २०१५ साली आलेला, ऑस्ट्रेलियातल्या मॅट ट्रोबियानी यांनी केलेला हा हॅकिंगचा संगणक-खेळ. पडद्यावर टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, मागे धडधडतं संगीत आणि हातात कीबोर्ड.

एका मोहिमेत नेमकं काय करायचं असतं, ते आधी बघू. कनेक्ट लिहून समोरच्या यंत्राचा पत्ता द्यायचा. प्रोब म्हटलं की पोर्टांची, म्हणजे त्या यंत्रात शिरायच्या क्रमांकवार दारांची, यादी येते आणि किती पोर्टं फोडावी लागतील तो आकडा. प्रत्येकासाठी वेगळा प्रोग्रॅम: २२ साठी एसएसएचक्रॅक, २१ साठी एफटीपीबाउन्स, २५ साठी एसएमटीपीओव्हरफ्लो, ८० साठी वेबसर्व्हरवर्म. पुरेशी फुटली की पोर्टहॅक चालवून यंत्राचा ताबा घ्यायचा. मग एलएसनं फाइलींची यादी बघत, सीडीनं फोल्डर बदलत हवी ती फाइल शोधायची, एससीपीनं आपल्याकडे ओढायची, लॉगच्या, म्हणजे आपल्या येण्याजाण्याच्या नोंदींच्या, फोल्डरात जाऊन सगळं पुसायला आरएम आणि पुढे तारका, आणि डीसी करून बाहेर. पहिल्यांदा हे जमतं तेव्हा छातीत धडधडतं. दहाव्यांदा बोटं आपोआप चालतात, आणि 'तेच ते' ही तक्रार तिथेच सुरू होते.

नवख्यांची एक तक्रार मात्र मला पटत नाही. 'प्रोग्रॅम सुरूच होत नाही, खेळात बग आहे,' असं ते म्हणतात. बग नसतो, रॅम भरलेली असते. पडद्याच्या कडेला रॅमची पट्टी आहे. चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम तिच्यात जागा अडवतो. पोर्टं फोडणारे तीन-तीन क्रॅकर एकदम सोडले की चौथ्याला जागाच उरत नाही, आणि इकडे ट्रेसचं, म्हणजे तुमचा माग काढला जाण्याचं, घड्याळ पळत असतं. त्यातून प्रॉक्सी, म्हणजे यंत्राभोवतीचं एक संरक्षण, पाडण्यासाठी दुसऱ्या यंत्रांवर उघडलेले शेल काम झाल्यावरही तसेच पडून असतात, तेही रॅम खातात. काम झालं की ते बंद करा. पीएसनं चालू प्रोग्रॅमांची यादी बघा, नको ते किलनं संपवा. फायरवॉलचंही तसंच: अ‍ॅनलाइझच्या प्रत्येक फेरीत तिच्या गुप्त शब्दाची काही अक्षरं उघडी पडतात, पण फेरीगणिक वेळ वाढत जातो. शब्द ओळखू आला की पुढच्या फेरीची वाट न बघता सॉल्व्ह लिहून मोकळं व्हावं.

जाणकारांचा आक्षेप वेगळा. खऱ्या जगात पोर्ट हे कुलूप नसतं. त्यावर एखादी सेवा, म्हणजे जोडणीची वाट बघणारा प्रोग्रॅम, ऐकत बसलेली असली की ते उघडंच असतं. फोडायची असते ती सेवा, नाहीतर पासवर्ड. एससीपीलाही कुठून आणि कुठे, दोन्ही सांगावं लागतं. इथे नुसत्या फाइलच्या नावावर भागतं. आक्षेप खरे आहेत, पण एलएस, सीडी, कॅट, आरएम या आज्ञा पुष्कळशा खऱ्या युनिक्स या संगणक-प्रणालीसारख्या वागतात आणि तेवढ्यावर भास टिकतो. खेळाला तेवढंच हवं.

खरा वाद आहे तो चूक झाल्यावर मोजाव्या लागणाऱ्या किमतीचा. इंट्रोव्हर्जन कंपनीचा २००१ सालचा अपलिंक हा हॅकिंगचाच खेळ खेळलेले लोक इथे नाक मुरडतात. तिथे वाटेतल्या यंत्रावरचा लॉग पुसायचा राहिला, तर मोहीम यशस्वी होऊनही मागाहून माग काढत लोक येतात आणि तुमचा एजंट कायमचा संपतो. हॅकनेट त्या मानानं दयाळू. बऱ्याच सर्व्हरांवर लॉग तसेच सोडून निघालात तरी काही बिघडत नाही. माग काढणारा ट्रॅकर बसवलेल्या सर्व्हरवर मात्र अंगाशी येतं: माग लागतो, आणि वेळ संपायच्या आत आपल्या इंटरनेट सेवा देणाऱ्याच्या यंत्रात शिरून स्वतःचा पत्ता बदलून घ्यावा लागतो. माझ्या मते 'तेच ते' या तक्रारीचं मूळ इथेच आहे. कृती अपलिंकमध्येही त्याच-त्याच होत्या, फक्त तिथे कंटाळायला भीती फुरसत देत नव्हती.

आणि तरीही या खेळातला एक प्रसंग जवळजवळ सगळ्यांच्या तोंडी असतो. खेळायचा बाकी असेल त्यांनी पुढची दोन मिनिटं कान बंद करावेत. प्रतिस्पर्धी हॅकर तुमच्याच यंत्रात शिरतो आणि सिस फोल्डरातली एक्स-सर्व्हर ही पडद्यावरचं चित्र दाखवणारी फाइल उडवतो. नकाशा, बटणं, खिडक्या, सगळं गायब. उरतो काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर. उपाय साधा: दुसऱ्या एखाद्या यंत्राला जोडून घ्यायचं, त्याच्या सिस फोल्डरात तीच फाइल गाठायची आणि एससीपीनं परत आणायची. पण नकाशावरच्या ठिपक्यांवर टिचक्या मारत इथवर आलेल्याला एकही पत्ता आठवत नसतो. टाइप करत आलेला माणूस मिनिटभरात उठून उभा राहतो. तोपर्यंत कंटाळवाणी वाटलेली घोकंपट्टी इथे कामी येते, आणि पाचव्या तासाला बोटं मोडणाऱ्यांपैकी कितीतरी जण याच प्रसंगानंतर आपलं मत बदलतात.