दिवसाला शंभर रुपये, पण कुठल्या दिवसापासून?

(वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागच्या रांगेपर्यंत ऐकू येतंय ना? बरं.

फळ्यावर विषय लिहिलाय, ‘बँकेची चूक आणि आपली भरपाई’. भरपाईकडे येतोच, आधी हा कागद बघा. हा माझा सिबिल रिपोर्ट. कुणी कर्ज कसं फेडलं, याची नोंद त्यात असते. आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो, पण अशी नोंद ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, २०१७ पासून. इथे कितीजणांनी काढलाय? हात वर करा. तीन... चार. आणि सोन्याचा आजचा भाव कितीजणांना माहीत आहे? बघा, आता सगळे हात वर! (हशा)

माझाही हात तेव्हा खालीच होता. २०१९ मध्ये स्कूटरचं कर्ज फेडलं. शेवटचा हप्ता मी स्वतः काउंटरवर रोख भरला. बँकेनं ‘येणे बाकी नाही’ असा दाखला दिला. गोल शिक्का, साहेबांची सही. शाळेत तीस वर्षं मुलांना व्याजाची गणितं घातली, त्यामुळे कागद जपून ठेवायची सवय. दाखला फाइलीत लावला आणि विषय संपला असं समजलो.

जून २०२४. धाकटीला पुण्यात एमबीएला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जाला मी सहकर्जदार. फीचा पहिला हप्ता एक लाख साठ हजार, शेवटची तारीख १५ जुलै. दुसऱ्या एका बँकेत अर्ज केला. तिथल्या बाईंनी काही न बोलता स्क्रीन आमच्याकडे वळवली. ओळीनं चौकोन होते, महिन्याला एक. हप्ता किती दिवस थकलाय तो आकडा त्यात येतो. सगळं सुरळीत असेल तर तीन शून्यं. माझ्या चौकोनांत आकडे महिन्यामहिन्यानं चढत पार नऊशेपर्यंत गेलेले. खाली बाकी: २१२ रुपये. शेजारी ‘रिटन ऑफ’, म्हणजे बुडीत धरून निर्लेखित केलेलं कर्ज.

मुलगी शेजारीच बसली होती. हळूच म्हणाली, “बाबा, तुम्ही हप्ते चुकवले होते?”

त्या क्षणाची भरपाई कुठल्या परिपत्रकात बसते, ते मी अजून शोधतोय.

मूळ बँकेत गेलो, दाखला पुढे ठेवला. “दाखला बरोबर आहे सर, पण सिस्टिममध्ये बाकी दिसतेय.” शेवटचा हप्ता भरला तो दिवस आणि खातं बंद झालं तो दिवस, यांच्या मधल्या काही दिवसांचं व्याज होतं ते. मला कुणी सांगितलं नाही, एक पत्र नाही, फोन नाही. म्हटलं, हे घ्या २१२ रुपये. “तसे घेता येत नाहीत, खातं बंद आहे.” आता खातं बंद आहे तर बाकी कुठल्या खात्यावर? याचं उत्तर तिथे कुणाकडेच नव्हतं.

१० जूनला लेखी तक्रार दिली, पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय बँकेत कागद द्यायचा नाही, हे आज दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण एवढं ठेवा. तक्रार निकाली निघाली २२ ऑगस्टला. मधे १५ जुलै येऊन गेला. बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवल्या आणि फी भरली.

आता नियम. रिझर्व्ह बँकेनं २६ ऑक्टोबर २०२३ला परिपत्रक काढलं, ते एप्रिल २०२४ अखेर लागू झालं. तक्रारीपासून तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये ग्राहकाला. बँकेनं एकवीस दिवसांत सुधारित माहिती कंपनीला पाठवायची. ती पाठवली नाही तर पैसे बँक देणार. बँकेनं वेळेत पाठवूनही कंपनी रेंगाळली तर कंपनी. निकालानंतर पाच कामाच्या दिवसांत रक्कम खात्यात. माझे दिवस भरले त्र्याहत्तर. तीस वजा, राहिले त्रेचाळीस. चार हजार तीनशे रुपये. दोनदा आठवण केल्यावर जमा झाले. साहेब म्हणाले, “नियमाप्रमाणे पूर्ण दिलेत.” खरंच पूर्ण दिलेत, आणि माझं भांडण त्या नियमाशीच आहे.

(चिठ्ठी आली.) सात मिनिटं? बरं, उरकतो.

हे शंभर रुपये मोजतात दिरंगाई. चूक मोजतच नाहीत. चूक २०१९ची, घड्याळ सुरू झालं जुलै २०२४ मध्ये, कारण मला कळलंच त्याआधीच्या जूनमध्ये. मधल्या काळात, २०२२ मध्ये, मी घरदुरुस्तीला पाच लाख काढले होते. दीड टक्का जास्त व्याज लावलं. ‘स्कोअर थोडा कमी आहे’ म्हणाले, म्हणजे याच रिपोर्टवरचे गुण. का, ते मी विचारलं नाही. पहिल्याच वर्षी सुमारे सात हजार जादा गेले. तीस दिवसांच्या आत दुरुस्ती झाली असती तर भरपाई शून्य, नुकसान मात्र तेवढंच. माझी मागणी एवढीच: चुकीची नोंद ज्या दिवशी चढली तिथून हिशेब धरा, आणि तिच्यामुळे जे जादा भरावं लागलं ते परत द्या.

नियम बदलेपर्यंत काय? शंभर रुपयांवर थांबायचं नाही. पहिल्या तक्रारीतच प्रत्यक्ष नुकसान आकड्यात मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकून निवाडा देणारे अधिकारी. अर्जाला फी नाही. सप्टेंबर २०२२ पासून या चार कंपन्याही तिथे येतात. लोकपालांच्या २०२१च्या योजनेत प्रत्यक्ष नुकसानीसाठी वीस लाखांपर्यंत, आणि गेलेला वेळ, खर्च, मनस्ताप यांसाठी वेगळे एक लाखापर्यंत देण्याची तरतूद केली होती. जिल्हा ग्राहक आयोगही आहे, पण एकाच वेळी दोन्हीकडे जाता येत नाही. आणि पुरावा लागतो! कर्ज नाकारलं तर कारण लेखी मागा. व्याज जास्त लावलं तर त्या दिवशीचा रिपोर्ट काढून ठेवा. २०२२चा माझ्याकडे नाही, म्हणून ते सात हजार मला मांडता येत नाहीत.

पाटल्यांच्या व्याजाचं मात्र मांडलंय. पतसंस्थेच्या पावत्या आणि लोकपालांकडे केलेल्या अर्जाची प्रत या पिशवीत आहे. बाहेर चहा आहे, तिथे टेबलावर ठेवतो. मोबाइलवर फोटो काढून घ्या, फक्त मूळ कागद परत ठेवा.