निऱ्या बघून किल्ट घ्यावा

श्रोतेहो, नमस्कार.

माझा भाचा स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला शिकतो. तिथल्या मित्राच्या लग्नाचं आमंत्रण आलं आणि त्याचा फोन. "मावशी, किल्ट घालायचाय, पण किंमत ऐकून दुकानातून परत आलो." किल्ट म्हणजे तिथले पुरुष कमरेला गुंडाळतात तो गुडघ्यापर्यंतचा, निऱ्यांचा घागरा.

मी शिवणकाम करते, त्यामुळे किमतीचं कारण मला कळतं. पारंपरिक किल्टला आठ वार लोकरी कापड लागतं, आपल्या नऊवारीला एकच वार कमी! त्यातलं बहुतेक मागच्या निऱ्यांत जातं आणि प्रत्येक निरी हाताने टाके घालून बसवतात. शेकडो पौंड होणारच. कारागिराला ते मिळायलाच हवेत. पण विद्यार्थ्याने काय करावं?

अठराव्या शतकाच्या अखेरीस शिवले जाणारे किल्ट चारेक वारांचेच असत, आठ वारांचा थाट नंतरचा. टार्टनची, म्हणजे कुळाकुळाची ओळख असलेली, चौकडी हवीच, असंही नाही. १८५९ साली उभ्या राहिलेल्या लंडन स्कॉटिश पलटणीचा किल्ट मुद्दाम साधा, एकरंगी ठेवला, म्हणजे तो कुठल्याच एका कुळाचा नाही. आयरिश बॅगपाईप वाजवणारे हळदी रंगाचा किल्ट घालतात. तेव्हा स्वस्त, साधा किल्ट घालण्यात कमीपणा अजिबात नाही.

आज पाच वारांचे, पॉलिएस्टर-व्हिस्कोसचे किल्ट मिळतात. वजनाला हलके, किमतीलाही. रोजच्या वापराला डेनिमचे आहेत. अमेरिकेत सिएटलला तर २००० सालापासून खिसे असलेले जाड सुती किल्ट निघाले, म्हणजे कमरेला स्पोरनची चंची बांधायलाच नको. लग्नाला मात्र मी ते सुचवणार नाही.

भाच्याला म्हटलं, जुन्या कपड्यांच्या दुकानात बघ, आणि किल्ट आधी उलटा कर. कमरेपासून बैठकीपर्यंत निऱ्या शिवून पक्क्या केलेल्या हव्यात. नुसती इस्त्री मारली असेल, तर पहिल्याच नाचात विस्कटतात. निऱ्यांवरून चौकडीची आडवी रेघ सलग जाते का, तेही बघ. आणि खाली दुमडून घातलेली शिवण नको, कापडाचा मूळ काठच तिथे आलेला असावा.

आठवड्याने मिळाला. गडद हिरवा, लोकरीचा, पण कमरेत दोन इंच सैल. किल्टला बाजूला चामडी पट्टे आणि बक्कल असतात, ती उसवून, थोडी सरकवून शिवली की झालं. व्हिडिओ कॉलवर मी सांगत गेले, त्याने सुई धरली. तिसऱ्या टाक्याला दोरा तुटला. म्हटलं, दुहेरी घे, आणि मेण लावून घे.