राणीची गाठ

(दृश्य: पहाट. सोलापूरचा पूर्व भाग. यंत्रमागांचा खडखडाट.)

एवढ्या आवाजात झोप लागते कशी, हे राणी कुत्रीलाच विचारावं. दहा वर्षं ती याच उंबऱ्यात झोपते. शेजारी अक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. तंबाखूची धूळ दोघींच्या नाकात जाते. धुळीनंच काही झालं असं नाही; दोघींची हवा एक, एवढंच ध्यानात ठेवा.

परवा राणीच्या मागच्या सडाजवळ अक्कांच्या हाताला गाठ लागली.

"कधीपासून हाय, अक्का?" जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"दिवाळीला नव्हती की हो."

नसबंदी न झालेल्या कुत्र्यांच्या माद्यांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी गाठ हीच, स्तनाची. ढोबळमानानं निम्म्या गाठी कर्करोगाच्या निघतात. पसरल्या तर आधी जवळच्या लसिकाग्रंथींत, मग फुप्फुसांत. बाईच्या स्तनाच्या कर्करोगाची वाटही बरीचशी हीच. म्हणून तो समजून घ्यायला संशोधक कुत्रींकडं बघतात.

प्रयोगशाळेतल्या उंदरात गाठ बहुतेक वेळा मुद्दाम रुजवावी लागते. राणीची आपसूक आली, उतारवयात, माणसांच्या घरात. शिवाय एकाच कुत्रीला अनेकदा चार-पाच गाठी असतात. एक साधी, शेजारची बिघडलेली. साधी गाठ बिघडते कशी, याच्या पायऱ्या संशोधकांना एकाच अंगावर वाचता येतात. २००५ मध्ये ताशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला आणि जनुकांची तुलनाही सोपी झाली.

संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा, धागाही बाई आणि कुत्री दोघींत आहे. नसबंदीत ती बनवणारी अंडाशयंच काढतात. १९६९ च्या एका अमेरिकी अभ्यासात पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या कुत्रींचा धोका, न झालेल्यांच्या मानानं ०.५ टक्क्यावर आला होता. एका माजानंतर नसबंदी झाली तर ८ टक्के, दोन माजांनंतर २६.

पण याच धाग्यानं एकदा चकवलंही. डेपो-प्रोव्हेरा हे संप्रेरकाचं गर्भनिरोधक इंजेक्शन बीगल कुत्रींना दिलं, तर त्यांना स्तनात गाठी झाल्या. १९७८ मध्ये अमेरिकेनं परवानगी नाकारली, त्यामागं हेही एक कारण होतं. पुढं कळलं, की असल्या औषधानं कुत्रीच्या स्तनग्रंथी स्वतःच वाढीचं संप्रेरक बनवू लागतात, तेही रक्तात उतरेल इतकं. बाईच्या अंगात असा पूर येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९१ च्या अभ्यासात बायकांना स्तनाच्या कर्करोगाचा एकूण धोका वाढलेला दिसला नाही. परवानगी मिळाली १९९२ मध्ये. आपल्या सरकारी दवाखान्यांत २०१७ पासून 'अंतरा' म्हणून मिळतं, ते हेच औषध.

(दृश्य: दवाखाना. ट्रेमध्ये काढलेली गाठ.)

राणी अजून गुंगीत आहे. डॉक्टर गाठ मधोमध कापतात. सुरी कराकरा वाजते.

"हाड हाय आत."

"दुधाच्या जागी हाड?" अक्का पदर तोंडाला लावतात. "बायकांना बी होतंय काय असलं?"

"क्वचित. कुत्रींत मात्र लई बघतो."

गाठ फॉर्मेलिनच्या बरणीत पडते. रिपोर्ट यायचाय.