शिडाचा दोर हाती घेताना : कोल्हापूरच्या एका कुटुंबाचे पहिले धडे

कोल्हापुरातून मालवणचा समुद्र गाठायचा तर सह्याद्रीचा घाट उतरावा लागतो, तरीही या शहराचे समुद्राशी जुने नाते आहे. सिंधुदुर्ग आणि मालवणचे बंदर 1812 च्या तहाने इंग्रजांकडे गेले. तोपर्यंत त्या किनाऱ्यावर कोल्हापूरच्या छत्रपतींची सत्ता होती. आज मात्र शिडाची होडी ट्रेलरवरून शहराच्या रस्त्याने निघाली, की माणसे दुचाकी बाजूला घेऊन ती काय वस्तू आहे हे विचारतात.

ही होडी 14 फूट लांबीची, फायबरची आणि दोन शिडांची आहे. ती चौघांची आहे : आई, वडील, आठवीत शिकणारी मुलगी, आणि पंचगंगेच्या घाटावर पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकलेले आजोबा. चौघांनाही पाण्याची भीती नाही. शिडाचा अनुभव मात्र कोणालाच नाही. त्यांना शिकवायला आलेले प्रशिक्षक नौदलातून निवृत्त झालेले आहेत.

होडी पळवता आली म्हणजे ती चालवता आली, असा सर्वसाधारण समज असतो. या कुटुंबाचे शिक्षण जवळून पाहिल्यावर आम्हाला क्रम नेमका उलटा वाटतो. शिडाच्या होडीला ब्रेक नाही आणि बंद करायला इंजिनही नाही. तिला थांबवण्याचा एकच खात्रीचा उपाय आहे : शिडाचा दोर सैल सोडणे. दोर सुटला की शीड वाऱ्यात नुसते फडफडते, त्याचा जोर जातो आणि होडी मंदावते. घाबरलेला माणूस मात्र हातात असेल ते घट्ट धरतो. म्हणून दोर सोडण्याची सवय हाताला आधी लावावी लागते, ओढण्याची नंतर.

पहिला धडा घराच्या अंगणातच झाला. होडीचे तोंड वाऱ्याकडे करून डोलकाठी उभी केली, तिला उभे धरणारे ताण बसवले आणि हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवण्याचा दोर, ओढून मोठे शीड उभारले. या शिडाच्या खालच्या कडेला बूम नावाचा आडवा दांडा असतो. तो एका बाजूकडून दुसरीकडे फिरतो तेव्हा प्रत्येकाने डोके खाली घ्यायचे, हे अंगणातच इतक्या वेळा करून घेतले गेले, की शेवटी ‘वळतोय’ हा शब्द ऐकताच आजोबा आपोआप वाकू लागले. मुलीला गाठी शिकायच्या होत्या. दोराचा वळसा करायचा, मोकळे टोक दोराच्या मागून फिरवून आणायचे आणि त्याच वळशातून बाहेर काढायचे. ओढले की इंग्रजी आठाचा आकडा दिसतो. या गाठीमुळे लहान शिडाच्या दोराचे टोक कप्पीतून निसटत नाही. मोठ्या शिडाच्या दोराबद्दल प्रशिक्षकांनी वेगळी ताकीद दिली : तो कधीही होडीला पक्का बांधून ठेवायचा नाही, हातातच धरायचा.

दुसरा धडा रंकाळा तलावाच्या काठावर झाला, आणि तोही होडीशिवाय. संध्यामठाच्या बाजूला उभे राहून वारा कोणत्या गालाला लागतो, पाण्यावरच्या लहरी कुठून कुठे सरकतात, दुकानावरचा झेंडा किती ताणला जातो, एवढेच पाहायचे होते. वाऱ्याचा जोर असा नजरेने मोजण्याची श्रेणी ब्रिटिश नौदलातील अधिकारी फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी 1805 साली मांडली आणि ती आजही वापरात आहे. तिच्या दुसऱ्या पायरीवर वारा ताशी साधारण 6 ते 11 किलोमीटर असतो. तो चेहऱ्याला जाणवतो आणि पाने सळसळतात. तिसऱ्या पायरीवर तो 12 ते 19 किलोमीटरपर्यंत जातो आणि हलका झेंडा पसरून राहतो. नवशिक्यांनी दुसऱ्या पायरीत शिकावे आणि तिसरी लागली की काठ जवळ ठेवावा, असा प्रशिक्षकांचा दंडक आहे.

पाण्यावरचा सराव जिल्ह्यातील एका जलाशयात, रीतसर परवानगी घेऊन सुरू झाला. अशा जलाशयाला भोवती डोंगर असतात. डोंगरावरून उतरणारा वारा एकसारखा राहत नाही. तो झोताझोताने येतो आणि दिशाही बदलतो. झोत येण्याआधी पाण्याचा एक पट्टा गडद होतो, त्यावर बारीक शिरशिरी उठते आणि तो पट्टा होडीकडे सरकत येतो. तो ओळखायला शिकलेली आई ‘झोत आला’ असे आधीच सांगते आणि दोर हाती असलेल्याला तो सैल करायला वेळ मिळतो. चौघांत ही नजर सर्वांत आधी तिला आली.

सुरुवात वाऱ्याला आडवे जाण्याने होते, कारण त्या दिशेत होडी सर्वांत समजूतदारपणे वागते. शीड सैल सोडत न्यायचे. त्याची पुढची कड फडफडू लागली की ती फडफड थांबेल इतकाच दोर ओढायचा. यापेक्षा जास्त ओढलेले शीड जोरदार दिसते, पण प्रत्यक्षात होडी कलते आणि वेग कमी होतो. वाऱ्याच्या रेट्याने होडी बाजूला घसरू नये म्हणून तळातून सेंटरबोर्ड नावाची उभी फळी पाण्यात सोडलेली असते, आणि शिडाचा जोर पुढे वळतो तो तिच्यामुळे. थेट वाऱ्याच्या तोंडावर मात्र कोणतीही शिडाची होडी जाऊ शकत नाही. दोन्ही बाजूंना सुमारे 45 अंशांचा भाग तिला वर्ज्य आहे, त्यामुळे वाऱ्याकडच्या काठाला जायचे तर नागमोडी वळणे घेतच जावे लागते.

वळणात घराची उतरंड उपयोगी पडत नाही, आणि हे या कुटुंबाला सर्वांत अवघड गेले. सुकाणू ज्याच्या हातात त्याचाच शब्द चालतो, हा पाण्यावरचा नियम आहे. मुलगी सुकाणूवर असते, वडील दोरावर. ती ‘तयार?’ विचारते, ‘तयार’ असे उत्तर येईपर्यंत थांबते आणि मग ‘वळतोय’ म्हणत सुकाणूचा दांडा शिडाच्या बाजूला ढकलते, कारण दांडा जिकडे जातो त्याच्या उलट बाजूला होडीचे तोंड वळते. एकदा वळणाच्या ऐन मध्यावर झोत आला. ‘पप्पा, सोडा! आधी सोडा!’ हे तिचे शब्द सरावाच्या ध्वनिफितीत स्पष्ट ऐकू येतात. वडिलांनी प्रश्न न विचारता दोर सोडला आणि कललेली होडी सरळ झाली. घरात वडिलांसमोर आवाज न चढवणाऱ्या मुलीने एवढ्या अधिकाराने बोलावे आणि त्यांनी ते तत्काळ मानावे, याचे आम्हाला मनापासून कौतुक वाटते.

होडी उलटण्याचा सराव मुद्दाम करून घेतला गेला. त्यासाठी जागा खोल पाण्याची निवडली, कारण उथळ पाण्यात डोलकाठीचे टोक गाळात रुतते. लाइफ जॅकेटचे पट्टे प्रत्येकाने स्वतःचे नव्हे तर दुसऱ्याचे तपासले. उत्तम पोहणाऱ्या आजोबांनाही त्यातून सूट नव्हती. होडी आडवी झाल्यावर पहिले काम माणसे मोजण्याचे असते. शीड कोणाच्या अंगावर आले असेल तर हाताने कापड वर उचलले, की खाली श्वास घेण्यापुरती हवा मिळते. होडीत हवेच्या बंद टाक्या असल्याने ती बुडत नाही, आणि म्हणूनच तिला सोडून काठाकडे पोहत जायचे नाही. तिचे तोंड वाऱ्याकडे फिरवायचे, शिडांचे दोर मोकळे आहेत याची खात्री करायची, एकाने सेंटरबोर्डवर बुडाजवळ उभे राहून मागे झुकायचे आणि दुसऱ्याने आतल्या बाजूला राहायचे, म्हणजे होडी उभी होताना तो तिच्याबरोबर आत येतो. आईचे वजन सेंटरबोर्डवर पडले तेव्हा काही क्षण काहीच हलले नाही. मग पाण्याने जड झालेले शीड हळूहळू सुटले आणि डोलकाठी एकदम वर आली.

चौघांना आता मालवणचे वेध लागले आहेत. समुद्र मात्र वेगळे शिक्षण मागतो. तिथे भरती-ओहोटीचा ओढा असतो, पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा चढतो. पावसाळ्यात तर या किनाऱ्यावर लहान होडीचे कामच नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांनाही मासेमारीची बंदी असते. पाण्यात पडलेल्या माणसाकडे होडी फिरवून आणणे आणि वारा वाढल्यावर शीड दुमडून लहान करणे ही दोन कामे चौघांपैकी कोणालाही, कोणत्याही जागेवर बसून, करता आली पाहिजेत, अशी अट प्रशिक्षकांनी घातली आहे. शीड दुमडण्यात आजोबांचा हात अजून रेंगाळतो, म्हणून घाट उतरण्याचा बेत पुढे ढकलला असून जलाशयावरचा सराव चालू ठेवला आहे.