बांडगूळ, गुरं आणि सतरा मिनिटांचं ऊन

नमस्कार श्रोतेहो.

मार्गशीर्ष लागला की आपल्याकडे पहाटे शेकोट्या पेटतात, पण दिवस काही फार आखडत नाही. मुंबईत डिसेंबरातला लहानात लहान दिवसही ११ तासांचा भरतो. आयर्लंडमध्ये डब्लिनला तो साडेसात तासांवर येतो. दुपारचे चार वाजून गेले की सूर्य बुडाला. झाडं उघडी पडलेली, गवताची वाढ थांबलेली. ख्रिस्ती धर्म तिकडे पोचण्याआधीच्या माणसांनी हे दिवस कसे काढले, काय पाळलं, कशाकडे डोळे लावले, त्याबद्दल आज तुमच्याशी बोलणार आहे.

या लोकांना ‘पेगन’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ खेड्यातला माणूस. आपल्या ‘गावंढळ’सारखाच तोही पुढे हिणवायला वापरला गेला. मला तो जुना, साधा अर्थच जवळचा वाटतो. कारण हिवाळ्याच्या तोंडाशी हे लोक जे पाळत, त्याच्या मुळाशी गोठा आहे आणि चारा आहे.

३१ ऑक्टोबरची संध्याकाळ म्हणजे ‘साउइन’. आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याचं नाव आजही तेच आहे. त्या दिवशी हिवाळा सुरू. उन्हाळी कुरणांवर गेलेली गुरं तोवर खाली गावात आणायची. चारा मोजका, हिवाळा लांब. सगळी जनावरं जगवता येणार नाहीत हे उघड, मग कोणती ठेवायची आणि कोणती कापायची हे ठरवायलाच हवं. इंग्लंडमधला बीड नावाचा भिक्षू ७२५ साली लिहून गेला की त्याचे पूर्वज नोव्हेंबरला ‘ब्लोतमोनाथ’, म्हणजे बळींचा महिना म्हणत, कारण जी गुरं कापायची ती ते आधी देवांना वाहत. ज्याच्या घरी दावणीला जनावर आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. हाताने वाढवलेलं जनावर नुसतं कापवत नाही. ते कोणाला तरी अर्पण करावं लागतं.

आयर्लंडची मुलं अगदी अलीकडेपर्यंत आणखी एक गोष्ट ऐकत आली: साउइन उलटल्यावर रानातली ब्लॅकबेरी तोडू नये, ‘पूका’ नावाचं भूत तिच्यावर थुंकून जातं. तोवर दंव पडून ती फळं पाणचट झालेली असतात, बुरशी धरते. पोटं बिघडू नयेत म्हणून पूका कामाला लावला!

आता झाडाकडे येते. रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या ड्रुइड पुजाऱ्यांबद्दल सांगतो. ओकच्या झाडावर उगवलेलं मिसलटो त्यांना सर्वांत पवित्र. चंद्राच्या सहाव्या दिवशी पांढऱ्या वस्त्रातला पुजारी झाडावर चढे, सोन्याच्या विळ्याने ते कापे आणि खाली पांढऱ्या कापडात झेलत.

हे मिसलटो म्हणजे काय? बांडगूळ. आमच्या परड्यातल्या रायवळ आंब्यावर असायचं त्याचंच लांबचं भावंड. आजी गड्याला कोयता देऊन ते दरवर्षी काढायला लावायची. मी त्याचं फळ बोटांत चिरडलं होतं, तर चिकाचा लांब दोरा निघाला आणि बी बोटाला असं चिकटलं की झटकून पडेना. तीच त्याची युक्ती. आपल्याकडे फुलटोच्या फळ गिळतो आणि त्याच्या विष्ठेतून ते चिकट बी दुसऱ्या फांदीला लागतं. तिकडे हे काम एक थ्रश पक्षी करतो.

आपण बांडगूळ हा शब्द शिवीसारखा वापरतो. तिकडे तेच दारावर टांगतात. याचं कारण मला ऋतूत दिसतं. आपला आंबा बारमाही हिरवा, त्यात बांडगुळाचं हिरवेपण उठून दिसणार कसं? तिकडे सफरचंदाची पानं गळून सांगाडा उरतो आणि त्या सांगाड्यात मिसलटोचा हिरवा गोळा, त्यावर मोत्यासारखी पांढरी फळं. सगळं मेल्यासारखं दिसताना हे जिवंत, तेही मातीत मूळ नसताना! इंग्लंडात टेनबरी वेल्स या गावी नाताळाआधी मिसलटोच्या जुड्यांचा लिलाव आजही होतो. आणि जाता जाता सांगते, दुसऱ्या झाडांच्या मुळांतून अन्नपाणी ओढणारं आपलं चंदनही याच वनस्पतिगणातलं.

शेवटी सूर्याकडे. आयर्लंडच्या बॉइन नदीच्या खोऱ्यात न्यूग्रेंज नावाची दगडामातीची प्रचंड टेकडी आहे. इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमारास, गीझाच्या पिरॅमिडांच्याही आधी, माणसांनी रचलेली. हे एक थडगं आहे: आत १९ मीटर लांबीची अरुंद वाट आणि टोकाला दगडी खोली. दाराच्या वर एक झरोका आहे. वर्षातल्या लहानात लहान दिवशी सूर्य या थडग्यात शिरतो, असं गावकरी सांगत. उत्खनन करणारे मायकेल ओकेली यांनी ते मनावर घेतलं आणि २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ते आत अंधारात जाऊन थांबले.

सूर्य उगवला. चार मिनिटांनी झरोक्यातून उन्हाची एक रेघ आली आणि जमिनीवरून सरकत खोलीत पोचली. रुंदावत ती १७ सेंटिमीटरची झाली. तेवढ्याशा उजेडात खोलीच्या भिंती दिसू लागल्या, वर छतापर्यंत. मग रेघ पुन्हा बारीक होत गेली आणि १७ मिनिटांत खोली पुन्हा काळोखी झाली.

आता त्या पहाटे आत उभं राहण्यासाठी हजारो लोक अर्ज करतात आणि चिठ्ठ्या टाकून मोजकी माणसं निवडली जातात. आयर्लंडचं आभाळ बहुधा ढगाळ. निवड होऊन, इतक्या लांबून येऊन पुष्कळांना ऊन दिसतच नाही. ती माणसं तरीही त्या थंडगार खोलीत भिंतीला टेकून, जमिनीकडे पाहत वाट बघतात.

नमस्कार.