वीस सेकंदांचा आवाज

श्रोतेहो, नमस्कार.

जाहिरातीतला आवाज ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर काचेच्या भिंतींचा गारेगार स्टुडिओ उभा राहत असेल, तर माझी खोली पाहून आपली निराशाच होईल. मुंबईत चित्रपट-मालिकांचे डबिंग अंधेरी-ओशिवऱ्याच्या स्टुडिओंत होत असले, तरी माझ्यासारख्या कोणाच्याही पगारावर नसलेल्या आवाज-कलाकाराची किरकोळ कामे घरीच उरकतात. कपड्यांनी गच्च भरलेले कपाट उघडून त्याच्या तोंडाशी माईक ठेवायचा, पाठीमागे दोरीवर आईची गोधडी टाकायची, पंखा बंद करायचा आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपेपर्यंत घाम पुसत बसायचे.

मजकूर बहुधा हिंदी जाहिरातीवरून उतरवलेला असतो आणि पुष्कळदा तो रोमन लिपीत येतो. त्या लिपीत काल, काळ, कळ आणि कल ही चारही भावंडे एकाच चेहऱ्याची दिसतात, म्हणून संहिता आधी देवनागरीत लिहून घेतल्याशिवाय मी माईकसमोर बसत नाही. अर्थात, देवनागरीही सगळे सांगत नाही. ‘आपल्या जगात मनासारखे जग’ या ओळीतला पहिला ‘ज’ तालव्य, म्हणजे ‘जीवन’मधल्यासारखा, आहे आणि दुसरा दंततालव्य, म्हणजे ‘जागा’मधल्यासारखा. कागदावर दोन्ही सारखेच, पण उच्चारात अदलाबदल झाली की ऐकणाऱ्याच्या दाताखाली खडा येतो. 20 सेकंदांत मराठीचे साधारण 40 शब्द सावकाश बसतात. समोर 60 आले, तर ते धापा टाकत वाचण्यापेक्षा शब्द कमी करण्याची विनंती मी करते.

मोबदला ठरतो तो या 20 सेकंदांवर नव्हे, तर आवाज कुठे आणि किती काळ वाजणार यावर, हे समजायला मला एक फटका खावा लागला. सुरुवातीच्या काळात एका ग्राहकाला मी नमुना म्हणून एक टेक पाठवला. पुढे काहीच कळले नाही. काही महिन्यांनी एका बसस्थानकावर एसटीची वाट पाहत असताना ध्वनिक्षेपकातून मलाच माझा आवाज ऐकू आला, आणि बिल पाठवायला माझ्याजवळ चिठोराही नव्हता.

तेव्हापासून माध्यम, मुदत आणि फेरध्वनिमुद्रणाची संख्या मी लेखी घेते. अलीकडे त्यात माझ्या आवाजावरून कृत्रिम बुद्धिमत्तेने (एआय) यंत्राचा नकली आवाज घडवू नये, ही अटही घालते. गायक अरिजित सिंग यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2024 साली अशा नकलांविरुद्ध संरक्षण दिले; पण ते नामवंत आहेत, आणि मला तर बसस्थानकावरही कोणी ओळखले नव्हते.

नमुने मी आजही पाठवते. फक्त त्यांत वस्तूचे नाव घेत नाही. तेवढी जागा मोकळी सोडते आणि मोबदला ठरल्यावरच ते नाव उच्चारते.