काचेपुढे उभे राहणारे दुसरे आवरण

श्रोतेहो, नमस्कार.

बाणेर, खराडी, हिंजवडी या भागांत उभ्या राहिलेल्या कार्यालयांच्या इमारतींपैकी अनेकांचे दर्शनी भाग खालपासून वरपर्यंत काचेचे आहेत, आणि दुपारी तीननंतर त्यांच्या पश्चिमेकडच्या खोल्यांत पडदे ओढून, दिवे लावून, वातानुकूलन पूर्ण क्षमतेने चालवून काम सुरू असते. उजेडासाठी काच बसवायची, तोच उजेड पडद्याने अडवायचा आणि वर विजेचे दिवे लावायचे, हा व्यवहार काही शहाणपणाचा म्हणता येणार नाही. त्यावरचा एक उपाय म्हणजे काचेच्या भिंतीपुढे काही अंतर सोडून दुसरे आवरण उभारणे, म्हणजेच दुहेरी दर्शनी भिंत. हा उपाय पुण्याच्या हवेत कितपत उपयोगी पडतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ही कल्पना थंड प्रदेशातली. जर्मनीतील गिंगेन गावी श्टाइफ या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने १९०३ साली आपल्या कारखान्याला दुहेरी काचेच्या भिंती दिल्या. कामगारांना भरपूर उजेड मिळावा आणि दोन काचांमधल्या हवेमुळे थंडीही अडावी, असा त्यामागचा विचार होता. तिथे त्या पोकळीत साठलेले ऊन म्हणजे फुकटची ऊब. आपल्याकडे तेच ऊन वातानुकूलन यंत्रावरचा बोजा ठरते. त्यामुळे युरोपातला नमुना जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही.

ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाने पॅरिसमध्ये साल्व्हेशन आर्मीसाठी बांधलेल्या आणि १९३३ साली उघडलेल्या निवासाची हकीकत या दृष्टीने फार बोलकी आहे. दोन काचांच्या मधून गरम किंवा गार हवा फिरवायची, अशी त्याची मूळ योजना होती. पण पैसे पुरले नाहीत, आणि प्रत्यक्षात न उघडणारी एकेरी काच बसली. उन्हाळ्यात आतल्या माणसांचे हाल झाले. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच दर्शनी भागावर ऊन अडवणाऱ्या पट्ट्या आल्या, आणि चंदीगडच्या सचिवालयावर व उच्च न्यायालयावर तर त्याने काँक्रीटच्या खोल ऊनरोधक चौकटी पहिल्यापासूनच योजल्या.

यामागचे शास्त्र अवघड नाही. सूर्याकडून येणारी ऊर्जा काचेतून सहज आत शिरते; आतली जमीन, टेबले, पडदे तापतात आणि दीर्घ लहरींच्या रूपाने उष्णता बाहेर टाकू लागतात; पण त्या लहरी काचेतून पार होत नाहीत. म्हणून खोलीतला पडदा डोळ्यांवरची तिरीप थांबवतो, उष्णता मात्र तोवर घरात आलेली असते. वाड्यांच्या ओसरीवर चिकाचे पडदे बाहेरच्या बाजूने सोडत, ते याच कारणाने उपयोगी पडत. दुहेरी भिंतीत ऊन अडवणारा थर काचेच्या बाहेर असतो; तो तापला तरी मधल्या पोकळीतली हवा हलकी होऊन वरच्या फटीतून निघून जाते आणि खालून तिची जागा बाहेरची हवा घेते. वरखालच्या या वाटा बंद ठेवल्या, तर ती पोकळी इमारतीला चिकटलेली भट्टी होते.

आता प्रश्न असा की हे आवरण कोणत्या बाजूला हवे. पुणे साधारण साडेअठरा उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस दुपारचा सूर्य इथे थेट डोक्यावर येतो, आणि डिसेंबरातही तो दक्षिणेला सुमारे ४८ अंश वर असतो. त्यामुळे दक्षिणेकडे योग्य लांबीचा छज्जा बरेचसे काम भागवतो. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे, छज्जाखालून आत घुसणारे असते. तिथे उभा आडोसाच लागतो. माझ्या मते दुसऱ्या आवरणावरचा खर्च आधी पश्चिमेला आणि मग पूर्वेला करावा. उत्तरेला तो करणे म्हणजे केवळ हौस.

बाहेरचा थर काचेचाच हवा, असेही नाही. जयपूरच्या पर्ल अकादमीच्या इमारतीपासून सुमारे चार फूट अंतरावर जाळीचे आवरण उभे आहे. आणि आपल्याच हडपसरमध्ये वास्तुविशारद ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी सुझलॉन या पवनऊर्जा कंपनीसाठी आखलेल्या ‘वन अर्थ’ संकुलात अॅल्युमिनियमच्या झडपांचे आवरण उजेड आत घेते व कडक ऊन बाहेर ठेवते. महामार्गालगत, जिथे वाहनांचा आवाज असह्य होतो, तिथे बाहेर काच लावणे समजू शकते. अन्यत्र जाळी किंवा झडपा अधिक बऱ्या. अर्थात मुळात काच किती लावायची, हा प्रश्न त्याआधीचा आहे. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीने भिंतीच्या क्षेत्रफळात खिडक्यांचा वाटा ४० टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवला होता.

पुण्याची एक सोय इतर अनेक शहरांना नाही. एप्रिलमध्ये दुपारी पारा ३८ अंशांच्या आसपास जातो, पण पहाटे तो वीस-बावीसपर्यंत उतरतो. आतल्या खिडक्या उघडता येणाऱ्या असतील, तर आवरणाच्या आडून, पावसाची व चोरीची फारशी भीती न बाळगता, रात्रभर गार हवा खेळवून काँक्रीटचे छत थंड करता येते. पावसाळ्यात मात्र हे गणित उलटते. तेव्हाच्या दमट हवेत, आतले तापमान फार खाली ठेवले, तर आतल्या काचेच्या पोकळीकडील बाजूवर पाणी सुटते. चोवीस अंशांवर समाधान मानणाऱ्या कार्यालयांना हा त्रास कमी होतो.

आणखी दोन गोष्टी निविदा काढतानाच पाहाव्यात. पोकळी अनेक मजल्यांतून सलग नेली, तर खालच्यांची उष्णता वरच्यांना सोसावी लागते आणि आग लागल्यास धूरही त्याच वाटेने चढतो. म्हणून ती मजल्यागणिक खंडित करून प्रत्येक टप्प्याला हवेच्या स्वतंत्र वाटा द्याव्यात. दुसरी गोष्ट कबुतरांची. पुण्यात आडोशाची जागा मोकळी ठेवली आणि कबुतरे आली नाहीत, असे होत नाही. तेव्हा हवेच्या वाटांना बारीक जाळी, आणि धूळ-विष्ठा काढण्यासाठी माणूस आत चालू शकेल अशी दोन-तीन फुटांची रुंदी व पाय ठेवायला फळी, यांचा खर्च आराखड्यातच धरलेला असावा.